कलकत्त्यातील एक हरलेला डाव

बुद्धिबळाच्या इतिहासात जिंकणाराची कीर्ती टिकते. हरणाराच्या चाली फारसे कोणी उकलून पाहत नाही. १८५५ साली कलकत्त्यास खेळला गेलेला एक डाव मात्र हरणारासाठीच पाहावा असा आहे. पांढरी मोहरी होती जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराकडे. काळी, महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली ब्राह्मणाकडे. कॉक्रेनचा पेशा वकिलीचा. खेळ हा त्याच्या फावल्या वेळेचा छंद. कलकत्ता चेस क्लबातील या जोडीचे डाव इंग्लंडातील बुद्धिबळाच्या मासिकात छापले गेले, म्हणून ते आज आपल्यापुढे आहेत.

महेशचंद्रांचा हात देशी पद्धतीवर बसलेला. आपल्याकडील जुन्या खेळात प्यादे पहिल्या चालीसही एकच घर सरकते, हे श्रोत्यांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या सवयीने ते राजाकडील घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवीत, उंट त्याच्या मागे बसवीत आणि पटाचा मध्य प्रतिपक्षाला खुशाल देऊन टाकीत. या डावात तर तिसऱ्याच चालीला त्यांनी वजिराचे प्यादे पुढे लोटून त्या मध्यावर घाव घातला. युरोपातील जाणत्यांना ही तऱ्हा विचित्रच वाटली असावी.

डाव कॉक्रेनने जिंकला, आणि देखणा जिंकला. अठराव्या चालीस त्याचा घोडा काळ्या राजाच्या अंगणात शिरला. महेशचंद्रांनी त्याच्या वजिरावर घोडा रोखला; पण कॉक्रेनला आता वजिराची पर्वाच नव्हती. वजीर बळी देऊन, काळ्या हत्तीनेच राजाची वाट अडवायला लावून, घोड्याने मात करण्याचा मार्ग मोकळा होता. अवघ्या तीन चालींचे काम.

पुढे १९२२ साली ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने तीच मांडणी मोठ्या स्पर्धांत आणली, त्याच वर्षी व्हिएन्नात अलेखाइनला तिने हरविले, आणि ती ‘ग्रुनफेल्ड बचाव’ म्हणून रूढ झाली. टिपण एकाने लिहावे व सही दुसऱ्याची व्हावी, हा प्रकार आम्हां कचेरीतल्या मंडळींना नवा नाही. ग्रुनफेल्डने काही चोरले, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याने ती मांडणी कसाला लावली. घोड्याचा बळी देण्याची कॉक्रेनची एक युक्ती त्याच्या नावाने प्रसिद्ध आहे. तीही त्याने याच महेशचंद्रांवर चालविली होती. महेशचंद्रांचे नाव जुन्या इंग्रजी नोंदींत कधी मोहेशचंदर, कधी मोहिशंदर असे उमटले आहे.