टाकीचे पाणी

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या कृष्णपाषाणावर कोरलेल्या मूर्ती पाहून विस्मित झालेला यात्रेकरू या कामाचे श्रेय कधी धर्मराजास, तर कधी हेमाडपंतास देऊन मोकळा होतो. परंतु ज्या वीतभर टाकीने हे सारे घडविले, तिची किंवा तिच्या धन्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. वास्तविक हेमाडपंत, म्हणजेच हेमाद्री, हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तर सांभाळणारा मुत्सद्दी. आणि त्याच्या नावावर खपणारी चुन्यावाचून दगड सांधण्याची रीत तर त्याच्याही दोनशे वर्षे आधी, १०६० साली, अंबरनाथच्या शिवालयात नांदत होती.

टाकीचा खरा चमत्कार भात्यापाशी घडतो. दख्खनचा काळा दगड पोलादाची धार पाहता पाहता खाऊन टाकतो. म्हणून पाथरवट तिचे टोक तापवून ठोकतो, क्षणभर पाण्यात बुडवितो, घासून उजळ करतो आणि मागच्या उष्णतेने त्यावर चढत येणारा पिवळा रंग जांभळ्याकडे झुकू लागला, की तिला पुन्हा पाणी देतो. ही वेळ थोडी आधी साधली तर टोकाचा टवका उडतो, थोडी उशिरा साधली तर ते वळते. हे कसब कोणत्याही सनदेत लिहिलेले नसते.

अलौकिकत्व टाकीला चिकटले ते देवामुळे. मूर्तीच्या प्रतिष्ठेपूर्वी नेत्रोन्मीलन होते. शिल्पी सुवर्णशलाकेने डोळ्यांची रेषा उघडतो आणि देवाच्या पहिल्या दृष्टीसमोर आरसा वगैरे मंगल वस्तू धरल्या जातात. सिंहलद्वीपात तर बुद्धमूर्तीचे डोळे रंगविणारा कारागीर मूर्तीकडे पाठ करून आरशात पाहतच ते काम उरकीत असे. ज्याने महिनोन्‌महिने त्या दगडावर घाव घातले, त्यानेच अखेरच्या घटकेस त्याची नजर चुकवावी, हा शास्त्राचा न्याय मला मोठा मार्मिक वाटतो.

एरवी हीच टाकी टाकाऱ्याच्या झोळीतून दारोदार फिरे आणि गुळगुळीत झालेल्या जात्या-पाट्याला टाके घालून देई. खंडेनवमीस मात्र तलवारीच्या पंक्तीत बसून हळदकुंकू घेई. औंढ्याचे देऊळ जवळच्या नरसीच्या नामदेवासाठी फिरले, अशी श्रद्धा आहे, आणि देवळामागचा नंदी तिची साक्ष म्हणून दाखविला जातो. त्या नंदीलाही कोण्या पाथरवटाची टाकी लागली होतीच. पण तो साक्षीदार कथेत बोलावला गेला नाही.