सुश्रुतापासून सोलापूरपर्यंत : मधाचा औषधी इतिहास

आपल्या मंडळातील बहुतेक घरांत मधाची एक बाटली असतेच. खोकल्यावर आल्याचा रस आणि मध, पोट साफ होत नसेल तर कोमट पाण्यात लिंबू आणि मध, हात भाजला तर वरून मधाचा लेप, अशी आजीची औषधे आपण सामानासोबत अमेरिकेत आणली. पण घरी बाळ जन्मले की याच बाटलीवरून पेच पडतो. बाळंतपणासाठी भारतातून आलेल्या आजीला नातवाला मधाचे बोट चाटवायचे असते आणि इथले डॉक्टर वर्षभर मध देऊ नका म्हणून बजावतात. दोघांनाही बाळाचे भलेच हवे असते, पण रुसवाफुगवी होतेच. म्हणून या अंकात मधाचा इतिहास आणि त्यामागचे रसायन आपल्यापुढे मांडावे असे आम्ही ठरवले.

मधाचा औषधी उपयोग फार जुना आहे. इजिप्तमध्ये इ.स.पू. १६०० च्या सुमारास लिहिलेल्या एका वैद्यकीय गुंडाळीत जखमेवर चरबी, मध आणि कापडाचे धागे बांधायला सांगितले आहे. आपल्याकडे चरकाने मधाचे चार प्रकार सांगितले, तर सुश्रुताने माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक असे करत आठ. सुश्रुत हा शल्यवैद्य. व्रणावर मध आणि तूप लावण्याचा उपचार त्याच्या संहितेत वारंवार येतो. मध तापवू नये, असेही आपले ग्रंथ बजावतात. माश्या विषारी फुलांवरही बसतात, म्हणून मधाला उष्णता वर्ज्य, असे कारण त्यांनी दिले आहे.

हे सारे अनुभवाचे ज्ञान होते. प्रयोगशाळेतला इतिहास १८९२ साली सुरू झाला. त्या वर्षी हॉलंडच्या व्हान केटेल यांनी मध जंतूंची वाढ रोखतो हे दाखवले. १९३७ मध्ये जर्मनीत संशोधकांनी मधातल्या या अज्ञात घटकाला ‘इनहिबिन’ असे नाव दिले. हा इनहिबिन म्हणजे नेमके काय, याचा उलगडा १९६३ साली झाला, आणि तो आपल्या इथेच, अमेरिकन कृषी खात्याच्या फिलाडेल्फिया येथील प्रयोगशाळेत. जोनाथन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की तो पदार्थ म्हणजे साधा हायड्रोजन पेरॉक्साइड!

याची कृती मोठी मजेची आहे. मधात सुमारे ८० टक्के साखर आणि १७-१८ टक्के पाणी असते. एवढ्या दाट पाकात जंतूंच्या अंगातले पाणीच ओढले जाते. शिवाय मध आम्लधर्मी असतो. मधमाशी त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे एन्झाइम मिसळते. दाट मधात ते जवळजवळ स्वस्थ असते. जखमेतला द्रव मिसळून मध पातळ झाला की ते कामाला लागते आणि पेरॉक्साइड थोडाथोडा, पण सतत तयार होत राहतो. मध तापवला की हे एन्झाइम निकामी होते. म्हणजे आपल्या ग्रंथांचे कारण वेगळे असले, तरी निदान जखमेवरच्या मधाच्या बाबतीत त्यांचा सल्ला उपयोगी ठरतो. न्यूझीलंडच्या मानुका मधात पेरॉक्साइडशिवायही जंतुनाशक गुण असल्याचे वायकाटो विद्यापीठाच्या पीटर मोलन यांनी दाखवले. त्याचे कारण मिथाइलग्लायऑक्सल हे २००८ साली कळले.

या इतिहासात महाराष्ट्राचेही एक पान आहे. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांवरील अभ्यास १९९१ साली ब्रिटनच्या शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांना मधाच्या पट्ट्या, निम्म्यांना त्या काळचे नेहमीचे औषध सिल्व्हर सल्फाडायाझिन. सात दिवसांत मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटात फक्त ७ टक्के. पुढे २०१५ साली कॉक्रेन संस्थेने अशा सर्व चाचण्यांचा आढावा घेतला. मध्यम खोलीच्या भाजण्यावर काही नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा मधाने जखम चार-पाच दिवस लवकर भरते, असा निष्कर्ष निघाला. सिल्व्हर सल्फाडायाझिनशी केलेल्या तुलनेचा पुरावा मात्र त्यांना कमजोर वाटला. अमेरिकेत मेडिहनी या मधाच्या पट्टीला २००७ मध्ये मान्यता मिळाली.

पोटाचे काय? १९८५ साली दक्षिण आफ्रिकेत दरबान येथे हाफेजी आणि मूसा या डॉक्टरांनी जुलाब झालेल्या १६९ मुलांवर अभ्यास केला. जलसंजीवनीत ग्लुकोजऐवजी मध घातल्यावर जीवाणूंमुळे झालेले जुलाब ९३ ऐवजी सरासरी ५८ तासांत थांबले. इतर कारणांनी झालेल्या जुलाबांत तसा फायदा दिसला नाही. त्या मुलांत तान्ही बाळेही होती. आज कोणी तसे करणार नाही.

कारण असे. १९७६ साली कॅलिफोर्नियात तान्ह्या बाळांच्या एका आजाराची ओळख पटली : बॉट्युलिझम. पुढे काही वर्षांतच, आजारी बाळांना दिलेल्या मधात त्याच जंतूचे बीजाणू सापडले. जंतू मारणाऱ्या मधात हे कसे, असे वाटेल. पण बीजाणू म्हणजे झोपलेले बी. मध त्याला उगवू देत नाही, पण मारतही नाही. पोटात मध पातळ होतो, त्याचा धाक संपतो. मोठ्यांच्या आतड्यात इतर जंतूंची दाट वस्ती असल्याने त्या बीला उगवायला जागा मिळत नाही. बाळाचे आतडे मात्र मोकळ्या शेतासारखे असते. तिथे ते रुजते आणि विष तयार करते. मग बद्धकोष्ठ, क्षीण रडणे, दूध ओढता न येणे, मान लुळी पडणे अशी लक्षणे दिसतात. असे काही दिसल्यास ताबडतोब इस्पितळ गाठावे. घरी मध उकळून हे बीजाणू मरत नाहीत.

जातकर्मात बाळाला मध-तुपाचे चाटण सुश्रुतानेही सांगितले आहे, म्हणून आजीचा आग्रह अडाणीपणाचा मुळीच नाही. तिचे मधावरचे ज्ञान प्रयोगशाळेने पुष्कळसे खरे ठरवले. फक्त बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत, ते सुश्रुतालाही दिसले नसते. तिला ‘डॉक्टर नको म्हणतात’ एवढेच सांगण्यापेक्षा ही झोपलेल्या बीची गोष्ट सांगावी. आम्हांला वाटते, तिला ती नक्की पटेल.

थोडक्यात : बारा महिन्यांखालील बाळाला मधाचे बोटही नको. भाजल्यावर आधी वीस मिनिटे नळाचे गार पाणी, मोठे भाजणे असेल तर इस्पितळ. उघड्या जखमेवर बाटलीतला मध लावू नये, निर्जंतुक केलेला औषधी मध वेगळा मिळतो. मधुमेही मंडळींनी मध हीही साखरच आहे हे विसरू नये. बाकीच्यांनी आल्याच्या रसात मध जरूर घ्यावा. आपल्या घरच्या मधाच्या औषधांची माहिती आमच्याकडे लिहून पाठवावी, पुढील अंकात जमेल तेवढी छापू.