गूळ, अग्नि आणि सुई

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांतील अंकुशनगर हें गांव सहकारी साखर-कारखान्यामुळें ओळखलें जातें. गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे मराठवाड्यांतील अशा कारखान्यांच्या आसपास ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. नवराबायकोच्या जोडीस तेथें ‘कोयता’ असेंच म्हणतात. माणसास हत्याराचें नांव मिळावें यांतच पुष्कळसें आलें. वांकून ऊस बुडख्यापाशीं तोडणें, पाचट काढणें, मोळी बांधणें आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडींत चढविणें, हा क्रम महिनोन्‌महिने चालतो. गुडघा, खांदा व कंबर यांचें पुढें काय होत असेल हें सांगावयास वैद्य नको. ज्या साखरेकरितां हे सांधे झिजतात तिच्याच कुळांतील एक शर्करा पाण्यांत विरघळवून दुखऱ्या सांध्यांत टोचावयाची, अशी एक चिकित्सा सांप्रत अनेक देशांत चालू आहे, असें सांगितलें तर वाचकांस प्रथम थट्टाच वाटेल. परंतु या थट्टेमागें बराच मोठा इतिहास आहे, आणि त्याचें एक टोंक आमच्याच ग्रंथांत सांपडतें.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानाचा बारावा अध्याय अग्निकर्माचा आहे. त्वचा, मांस, शिरा, स्नायु, संधि व अस्थि यांत वातामुळें उग्र वेदना उत्पन्न झाली असतां डाग द्यावा, असें तेथें सांगितलें आहे. येथें ‘स्नायु’ म्हणजे शाळेच्या पुस्तकांतला मांसल स्नायु नव्हे. सांधे बांधून ठेवणारा तंतुमय बंध होय. डाग कशानें द्यावयाचा याचीही वांटणी केलेली आहे. त्वचेच्या विकाराला पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दांत, शर व शलाका. मांसाला जांबवौष्ठ व इतर धातु. आणि शिरा, स्नायु, संधि व अस्थि यांना मध, गूळ आणि स्नेह, म्हणजे तेलतूप. कढत गूळ अंगास चिकटून राहतो व उष्णता खोलवर पोंचवितो, हें कारण मनांत असावें असें आम्हांस वाटतें.

आतां, सांध्याच्या दुखण्याला गूळ हें वाचून कोणी स्वाभिमानी गृहस्थ आधुनिक शोध सुश्रुतास आधींच ठाऊक होता असें सांगूं लागेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. सुश्रुताला हवा होता तो गुळाचा ताप. गुळाची गोडी नव्हे. साम्य आहे तें निराळ्या ठिकाणीं. दुखणाऱ्या जागीं जाणूनबुजून एक लहान इजा करावी, आणि ती भरून काढण्याच्या भरांत शरीरानें जुनें दुखणेंही दुरुस्त करावें, या कल्पनेंत तें साम्य आहे. ही कल्पना एका देशाची मिरास नाहीं. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या नांवावर असलेल्या सांध्यांवरील ग्रंथांत, वरचेवर निखळणाऱ्या खांद्याला कांखेंत तापलेल्या लोखंडानें डाग देण्याचा विधि आहे. डागाचा व्रण आंखडला म्हणजे हाड ज्या पोकळींत घसरतें ती बंद होते, हा त्यामागचा तर्क. आमच्या खेड्यापाड्यांत सांध्यावर बिब्बा लावतात तोही याच जातीचा उपाय. मात्र तो उतला म्हणजे मूळचें दुखणें बरें असें म्हणावयाची पाळी येते! शर्यतीच्या घोड्यांच्या पायांच्या शिरा डागण्याची चाल युरोपांत दीर्घकाळ होती. इंग्लंडांतील ब्रिस्टल येथील संशोधकांनीं तिची कसून परीक्षा केली, आणि डागण्यानें कांहीं लाभ होत नाहीं असा निष्कर्ष 1983 सालीं प्रसिद्ध केला. शेंकडों वर्षांची वहिवाट हा पुरावा नव्हे, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

इजा त्वचेवर न करतां थेट आंत करावयाची तर पोकळ सुई पाहिजे. ती 1853 च्या सुमारास एडिंबरोचा अलेक्झांडर वुड व फ्रान्समधील प्रावाझ यांच्या हातून प्रचारांत आली. अंतर्गळ व फुगलेल्या शिरा यांत दाहक द्रव्य टोचून व्रण उत्पन्न करण्याची रीत त्यानंतर चांगलीच रुळली, आणि तिचाच उपयोग सैल पडलेल्या सांध्याकडे करण्याचा प्रयत्न 1930 नंतरच्या दशकांत अमेरिकेंत अर्ल गेडनी यानें केला. परंतु या पद्धतीला शास्त्राचा आकार व नांव दिलें तें ओहायो प्रांतांतील कँटन येथील शस्त्रवैद्य जॉर्ज हॅकेट यानें. बंध सैल झाला म्हणजे सांधा दुखतो. बंध हाडाला जेथें चिकटतो तेथें दाह उत्पन्न केला तर नवे तंतु वाढून तो घट्ट होतो, हा त्याचा सिद्धान्त. या वाढीवरूनच त्यानें ‘प्रोलोथेरपी’ हा शब्द बनविला, आणि 1956 सालीं त्याचा ग्रंथ निघाला. त्यानें वापरलेलें सिल्नॅसॉल नांवाचें औषध इसबगोलाच्या बियांच्या तेलापासून केलेलें होतें, ही गोष्ट आमच्या घराघरांतील वडीलमंडळींस गंमतीची वाटेल.

पुढची हकीगत मात्र गंमतीची नाहीं. पाठीच्या कण्याजवळ असलें द्रव्य टोचतांना तें मज्जारज्जूच्या आवरणांत गेल्यामुळें एक मृत्यु घडल्याचें व दुसऱ्या प्रसंगीं पाय लुळे पडल्याचें वृत्त 1959-60 मध्यें अमेरिकन वैद्यकसंस्थेच्या नियतकालिकांत आलें. या पद्धतीवरचा विश्वास उडाला तो पुष्कळ वर्षें परत आला नाहीं. मग तीव्र द्रव्यें मागें पडलीं आणि त्यांच्या जागीं साधी द्राक्षशर्करा, म्हणजे डेक्स्ट्रोज, आली. ती उसाची नव्हे. बहुधा मक्याच्या पिठापासून काढतात.

तिच्या कसोटीचा निकाल कोणत्याच पक्षास सुखावह नाहीं. जुनाट कंबरदुखीच्या 110 रोग्यांवर ऑस्ट्रेलियांत केलेला प्रयोग 2004 सालीं प्रसिद्ध झाला. कांहींना शर्करेचें पाणी टोचलें, कांहींना नुसतें मिठाचें. वर्षाअखेर दोहोंनाही बराच आराम होता, पण शर्करा मिठाहून सरस असें सिद्ध झालें नाहीं. उलट 2013 सालीं अमेरिकेंत गुडघ्याच्या 90 रोग्यांवरील प्रयोगांत शर्करेचा गट मिठाच्या व व्यायामाच्या गटांहून स्पष्टपणें पुढें राहिला. आतां रोग्याचेंच रक्त घेऊन त्यांतील बिंबाणूंचा दाट अंश टोचण्याची पद्धति बोकाळली आहे, आणि ती स्वस्त नव्हे. टांचेवरील शिरेच्या दुखण्यांत 2010 सालीं, व गुडघेदुखीच्या 288 रोग्यांत 2021 सालीं, ती मिठाच्या पाण्याहून वरचढ ठरली नाहीं. कॉर्टिसोनची कथा याहून वेगळी. त्याच्या शोधकांस 1950 चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्या टोचणीनें शिरेचें दुखणें चटकन्‌ शमतें, परंतु निदान कोपराच्या बाबतींत तरी कांहीं महिन्यांनीं न टोचलेला रोगीच बरा असतो, असें पुढें दिसून आलें.

मिठाच्या पाण्यानेंही माणसास बरें वाटावें, हें आमच्या मतें या सर्व इतिहासांतील सर्वांत विचार करण्यासारखें प्रकरण आहे. सुई टोचण्याचीच इजा पुरेशी होते, कीं कोणीतरी आपल्याकडे मन लावून पाहिलें याचा तो गुण, कीं दुखणें काळानेंच ओसरतें? तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असाव्यात. सुईवर आमच्या लोकांचा विश्वास तर विलक्षण. गोळी देऊन परत पाठविणारा डॉक्टर खेड्यांत फारसा टिकत नाहीं.

अमेरिकेंतील त्या 90 रोग्यांना पहिल्या, पांचव्या आणि नवव्या आठवड्यांत टोचलें. लागल्यास तेराव्या व सतराव्यांतही. प्रत्येक वेळीं दोनतीन दिवस गुडघ्याला विसांवा देऊन मग महिनाभरांत हळूहळू कामाला लागावें, असें त्यांना सांगितलेलें होतें. सतरा आठवडे म्हणजे गळिताच्या हंगामाचा मोठा भाग झाला. तेवढ्या काळांत कोयत्यानें एक दिवस काम चुकविलें तर त्यास ‘खाडा’ म्हणतात, आणि त्याची भरपाई मुकादमाकडून घेतलेल्या उचलीच्या हिशेबांत केली जाते.