बदक नव्हे, डकिंग! साइडचेनची गोष्ट

(भाग ३१ चं लेखी रूप. जिथे क्लिप वाजवल्या होत्या तिथे त्यांचं वर्णन लिहिलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय बाबांमुळे निघाला. बाबा इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होते. तीस वर्षं त्या खडखडाटात काढली, आणि कान गेले. आता दोन्ही कानांत मशीन असतं. आपला पॉडकास्ट ते नेमाने ऐकतात, असं मी समजत होतो. दिवाळीत घरी गेलो तर म्हणाले, "तू नमस्कार म्हणतोस तिथपर्यंत कळतं. मग ते तुझं वाजायला लागतं, आणि पुढचं काय उमगत नाही."

'ते वाजायला लागतं' म्हणजे मी चार रात्री जागून केलेलं आपलं शीर्षक संगीत. तीस भाग झाले होते तोवर! मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तू एवढं करतोस, म्हटलं असू दे."

तर पुण्याला आल्यावर पहिलं काम हे, की मी बोलायला लागलो की संगीताने आपोआप खाली बसायचं आणि मी थांबलो की पुन्हा वर यायचं. याला म्हणतात डकिंग. बदकाशी संबंध नाही, डोकं खाली घालणं या अर्थाने. आणि ते ज्याने होतं ते साइडचेन कम्प्रेशन. नाव एखाद्या सायकलच्या सुट्या भागासारखं आहे, पण त्याच्यामागचा इतिहास शोधायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले.

सुरुवात रेडिओपासून करावी लागते. १९२०-३० च्या काळातलं एएम प्रसारण डोळ्यांसमोर आणा. आवाज एका हद्दीपलीकडे मोठा झाला की ट्रान्समीटर फाटका आवाज सोडायचा, आणि ती घाण शेजारच्या स्टेशनच्या जागेत सांडायची. म्हणून एक माणूस हात नॉबवर ठेवून बसायचा. गायिकेने वरचा सूर लावला की कमी, कुजबुजली की जास्त. पण त्या माणसाची गोची अशी की मोठा आवाज येऊन गेल्यावरच त्याला कळायचं. १९३७ च्या सुमारास वेस्टर्न इलेक्ट्रिकने ११०ए नावाचं यंत्र आणलं, जे हे काम स्वतः करायचं. म्हणजे कम्प्रेसर आणि लिमिटर हे संगीतासाठी जन्मले नाहीत. ते जन्मले ट्रान्समीटर सांभाळायला.

आता साइडचेन म्हणजे काय ते इथेच समजून घेऊ, कारण इंटरनेटवरच्या निम्म्या व्हिडिओंत हे चुकीचं सांगतात. कम्प्रेसरमध्ये शिरलेल्या सिग्नलला दोन वाटा फुटतात. एका वाटेवर आवाज जातो, तो आपल्याला ऐकू येतो. दुसऱ्या वाटेवर त्याच आवाजाची मोजदाद होते, किती मोठा आहे, किती दाबायचा. ही दुसरी, बाजूची वाट म्हणजे साइडचेन. ती प्रत्येक कम्प्रेसरमध्ये असतेच! गंमत सुरू होते ती कुणीतरी म्हणतं तेव्हा, की मोजायला त्याच आवाजाची काय गरज? दुसराच आवाज मोजू. निवेदकाचा आवाज मोजा आणि संगीत दाबा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर डेटा एकाचा, कंट्रोल दुसऱ्याचा. रेडिओवर गाण्याच्या सुरुवातीवर बोलणारे जॉकी ऐकलेत ना, तिथे हेच चालतं.

मधल्या काळातलं एकच यंत्र सांगतो, कारण ते माझं लाडकं आहे. कॅलिफोर्नियातल्या जिम लॉरेन्स नावाच्या इंजिनिअरने १९६० च्या दशकात टेलेट्रॉनिक्स एलए-२ए केलं. त्यात मोजणारी वाट चक्क प्रकाशाची आहे. आवाज वाढला की आत एक पट्टी उजळते, समोरचा प्रकाशसंवेदी रोधक तो उजेड पकडतो आणि आवाज दाबतो. उजेड गेला तरी तो रोधक लगेच भानावर येत नाही. उन्हातून माजघरात आल्यावर आपले डोळे कसे वेळ घेतात, तसा. अर्धा आवाज पटकन परत येतो, उरलेला हळूहळू, काही सेकंदांत. त्यामुळे त्याचं दाबणं कानाला टोचत नाही. लॉरेन्स आधी क्षेपणास्त्र कार्यक्रमासाठी प्रकाशसंवेदकांवर काम करत होता, तिथून ही कल्पना आली. असो, यावर वेगळा भाग करू.

तर १९७० पर्यंतचा बराचसा खटाटोप एकच होता. कम्प्रेसर ऐकू येता कामा नये. आवाज वरखाली 'पंप' होताना कळला तर इंजिनिअर कच्चा.

मग आली डान्स फ्लोअरची मंडळी. १९७७ साली शिकागोत वेअरहाउस नावाचा क्लब उघडला, तिथे फ्रँकी नकल्स रेकॉर्डं वाजवायचा. हाउस हे नाव त्या क्लबवरूनच पडलं असं मानतात. या संगीताचा कणा म्हणजे प्रत्येक मात्रेवर पडणारा किक ड्रम. पुढे १९८३ मध्ये रोलंडचं टीआर-९०९ आलं आणि तो किक आणखी जाड झाला. आता तुम्ही अख्खं गाणं एकाच कम्प्रेसरमधून काढलंत तर सर्वांत मोठा कोण? किक. तो पडला की कम्प्रेसर घाबरून सगळंच दाबतो, बेस, कॉर्ड, आवाज. किक सरला की सगळं उसळून वर येतं. नियमाने ही चूक आहे. पण नाचणाऱ्याला ती छातीत जाणवते.

ही चूक जगभर नेली पॅरिसच्या पोरांनी. डाफ्ट पंकचा पहिला अल्बम 'होमवर्क', १९९७ चा, थोमा बांगाल्तेरच्या बेडरूममध्ये झाला, नाव उगाच नाही. त्यांच्याशी जोडलं गेलेलं यंत्र म्हणजे अलेसिस ३६३०, स्वस्तातला कम्प्रेसर, स्टुडिओवाले ज्याला नाक मुरडायचे. (इथे 'वन मोअर टाइम'चा तुकडा वाजवला होता. साल २०००. किकबरोबर मागचे ब्रास कसे आत ओढले जातात ते ऐका.) मग २००४ मध्ये एरिक प्रिड्झच्या 'कॉल ऑन मी'ने तर लाजच सोडली. तिथे पंपिंग हेच गाणं आहे.

घरच्या संगणकावर मात्र हे सोपं नव्हतं. एबलटन लाइव्हच्या कम्प्रेसरला बाहेरचा सिग्नल घ्यायची सोय मिळाली ती सातव्या आवृत्तीत, २००७ साली. क्यूबेसमध्येही त्याच सुमारास. तोपर्यंत बरेच लोक आवाजाची रेघ माउसने ओढून प्रत्येक किकखाली खड्डे पाडत बसायचे. मी तेव्हा चौथीत होतो, आणि नॉबवरचा तो रेडिओवाला पुन्हा जन्माला आला होता म्हणायचा.

आता माझ्या कामाकडे. मी रीपर वापरतो. माझ्या आवाजाच्या ट्रॅकवरून संगीताच्या ट्रॅकला सेंड दिला, पण १-२ ऐवजी ३-४ चॅनलवर. संगीतावर रीकॉम्प लावून त्याचा डिटेक्टर इनपुट ऑक्झिलरी केला. रेशो ४:१. म्हणजे माझा आवाज थ्रेशोल्डच्या १२ डेसिबल वर गेला तर संगीत ९ डेसिबल खाली. नाचाच्या गाण्यात, १२० च्या लयीत, दोन किकमध्ये ५०० मिलिसेकंद असतात, म्हणून रिलीज त्याच्या आत संपवावा लागतो. मीही तोच आकडा उचलून २०० ठेवला, आणि दोन शब्दांच्या फटीत संगीत सारखं डोकं वर काढू लागलं. भयानक.

बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "माझ्या मशीनचं तसंच होतं." म्हणजे? "आई ताटली आपटते. त्यानंतर थोडा वेळ सगळं लांब जातं. मग हळूहळू येतं." मंडळी, मी उठून बसलो. श्रवणयंत्रात कम्प्रेसर असतो हे मी वाचलं होतं. अशा कानांना हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा पटकन टोचायला लागतो, मधली जागा अरुंद होते, त्यात सगळं बसवायला कम्प्रेशन लागतंच. पण रिलीज टाइम म्हणजे काय ते बाबा दोन वर्षं कानात घेऊन फिरतायत, आणि मला ते ट्युटोरिअलमधून शिकायचं होतं. पुढच्या तपासणीला मी बरोबर गेलो, ताटलीचं उदाहरण तिथल्या बाईंना सांगितलं, त्यांनी सेटिंग बदलून दिलं. बाबांनी ही तक्रार कधी केलीच नव्हती. असू दे म्हणाले असणार.

माझा रिलीज आता ९०० आहे. संगीताचे मधले सूरही थोडे कापलेत, कारण बोलण्याचे शब्द तिथेच असतात, नुसतं दाबून भागत नाही.

हा भाग बाबांना आधी ऐकवला. म्हणाले, "येतंय ऐकू. पण तू फार भरभर बोलतोस रे."

त्याला प्लगइन नाही. भेटू पुढच्या शुक्रवारी.