आरंभापासूनची हकिकत : १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आणि ऋणकोचे कथन

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि पुढील काही आठवड्यांत तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. इतिहासग्रंथांतून ‘दख्खनचे दंगे’ या नावाने परिचित असलेल्या या उठावाची एक बाजू साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने सावकाराच्या घरातील कागदांवर होता. कर्जरोखे, गहाणखते आणि न्यायालयाचे हुकूमनामे मागून घेण्यात आले व जाळण्यात आले. जेथे कागद मुकाट्याने हवाली झाले, तेथे मारहाणीची वेळ सहसा आली नाही. निरक्षर समाजाने आपला प्रतिस्पर्धी म्हणून एका लेखनप्रकाराची निवड करावी, ही घटना केवळ आर्थिक इतिहासाच्या कक्षेत सामावणारी नाही.

कागदाला हे सामर्थ्य कोठून आले, याचे उत्तर त्या काळच्या दिवाणी न्यायव्यवस्थेत आहे. पेशवाईत ऋणवसुलीचे काम बहुतांशी धनकोच्या तगाद्यावर सोपविलेले असे. वतनाचा किंवा हद्दीचा तंटा मात्र गोतसभेपुढे येई आणि त्याचा निर्णय महजरात नोंदला जाई. महजरात दोन्ही पक्षांच्या तकरिरा, साक्षीदारांचे बोलणे आणि शेवटी उपस्थितांच्या निशाण्या येत. लिहिता न येणारा पाटील नांगराची आकृती काढी; कारागीर आपापल्या हत्याराची. मराठी गद्याच्या इतिहासात महजरांना स्थान आहे ते याच बहुमुखी कथनामुळे. पंचायतीची दिरंगाई आणि पक्षपात ठाऊक असूनही एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात तिच्याविषयी अनुकूल मत नोंदविले होते. तरीही महजराचा गौरव करताना एक सावधगिरी आवश्यक आहे : सामान्य कुणब्याच्या पाच-दहा रुपयांच्या कर्जाची कहाणी त्यात क्वचितच आढळते. गावच्या सभेत सर्वांचे ऐकून घेतले जाई, हे विधान त्या मर्यादेतच खरे आहे.

इंग्रजी दिवाणी न्यायालयात खत हाच पुरावा ठरला. १८५५ मध्ये व्याजावरील कायदेशीर मर्यादा उठली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. ऋणकोच्या हितासाठी म्हणून केलेल्या या तरतुदीचा परिणाम नेमका उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेई. थकलेले व्याज मुद्दलात मिसळे आणि जुने खत रद्द होई. न्यायालयासमोर येई ते शेवटचे खत. त्यात एक रक्कम, एक तारीख आणि एक निशाणी. पूर्वीच्या पंधरा-वीस वर्षांत काय घेतले, काय फेडले, किती धान्य सावकाराच्या घरी गेले, हे सारे त्या कागदाने पुसून टाकलेले असे. ऋणको बहुधा हजर राहत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई.

दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल आल्यानंतर पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी १८७९ चा सतरावा कायदा झाला. शेतकऱ्याला दिलेल्या सवलतींसाठी तो ओळखला जातो. कर्जापायी कैद बंद झाली आणि स्पष्टपणे तारण न दिलेल्या जमिनीची जप्ती व विक्री थांबली. तथापि कथनमीमांसेच्या दृष्टीने त्याचा गाभा बाराव्या कलमात आहे. पक्षांमधील व्यवहाराच्या आरंभापासून प्रकरणाचा इतिहास आणि त्यातील तथ्य न्यायालयाने तपासावे, असे हे कलम फर्मावते. मध्यंतरी हिशेब मिटविल्याचा कागद झालेला असला, तरी त्याने ही तपासणी अडत नाही. ऋणकोने रक्कम कबूल केली तरी ती कबुली खरी असल्याची खात्री न्यायालयाने करून घ्यावयाची. प्रतिवादीची साक्ष अनावश्यक वाटल्यास तिची कारणे लेखी नोंदवावयाची. दावाही ऋणको जेथे राहतो तेथेच दाखल व्हावयाचा. ज्या न्यायालयाने काल शेवटच्या पानावर विश्वास ठेवला, त्याला आता पहिल्या पानापासून वाचावे लागणार होते. आणि पहिले पान लिहिलेलेच नसल्याने ते ऐकावे लागणार होते.

मात्र हे ऐकणे मुक्त नव्हते. तेराव्या कलमाने हिशेबाची रीत ठरवून दिली : मुद्दल आणि व्याज यांची खाती वेगळी, व्याजावर व्याज नाही, आणि थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक नाही. दामदुपटीचा जुना हिंदू न्याय येथे नव्या वेषात परतला. मुलीचे लग्न, मेलेला बैल, अवर्षण, बापाच्या नावचे जुने खाते अशी ऋणकोची हकिकत या दोन खात्यांत बसेल तेवढीच ग्राह्य ठरे. कायद्याने कहाणी मागितली खरी, परंतु तिचा आकृतिबंधही आधीच आखून ठेवला.

याच कायद्याने दैनंदिन तंट्यांसाठी खालच्या पातळीवर स्वतंत्र यंत्रणा उभी केली. दहा रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी गावमुनसफ नेमता येत. सलोखा घडविणाऱ्या कन्सिलिएटरकडे आधी जाऊन त्याचा दाखला आणल्याशिवाय शेतकऱ्याविरुद्धचा दावा न्यायालय दाखल करून घेत नसे. या दोघांपुढे वकिलांना मज्जाव होता. (वकिलाला दूर ठेवले की सामान्य माणूस मोकळेपणाने बोलेल, ही श्रद्धा चिवट आहे, १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यातही ती भेटते.) शेतकऱ्याने लिहून द्यावयाचा दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिला जावा आणि करून देणाऱ्याला तो मोठ्याने वाचून दाखवावा, अशीही तरतूद होती. लिखित संहितेला पुन्हा श्राव्य करण्याचा हा शासकीय प्रयत्न मौखिक परंपरेच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेसा विचारात घेतलेला नाही.

या यंत्रणेवर देखरेख करणाऱ्या खास न्यायाधीशाच्या कचेरीत महादेव गोविंद रानडे १८८१ पासून साहाय्यक म्हणून काम करीत होते. १८८७ मध्ये ते स्वतः खास न्यायाधीश झाले. तपासणीसाठी करावी लागणारी त्यांची फिरती रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकात आली आहे; ती घरातून पाहिलेली आहे. जोतीराव फुले यांचा १८८३ मध्ये पूर्ण झालेला ‘शेतकऱ्याचा असूड’ कचेरीकडे पाहतो तो बाहेर तिष्ठणाऱ्याच्या जागेवरून. कारकून, वकील आणि मुद्रांकाचा कागद यांच्या जाळ्यात सापडलेल्या शेतकऱ्याला तेथे वाचा मिळते. एकाच दशकातील, एकाच प्रदेशातील हे दोन अनुभव एकत्र वाचले गेले पाहिजेत. मराठी समीक्षेने ते सुधारणावादाच्या दोन स्वतंत्र कप्प्यांत ठेवले आहेत.

मराठी प्रदेशाबाहेर पाहता फकीरमोहन सेनापती यांच्या ‘छ माण आठ गुंठ’ या ओडिया कादंबरीचा निर्देश अपरिहार्य ठरतो. १८९७ पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या कृतीचे शीर्षकच जमिनीचे एक मोजमाप आहे, जणू दस्तातून उचललेले. रामचंद्र मंगराज विणकर भगियाची जमीन तारणाच्या मार्गाने गिळतो. ओडिशात जमीनदारी, दख्खनेत रयतवारी. तेथे दख्खनसारखे संरक्षक विधान नव्हते. परंतु कागद खरा आणि व्यवहार खोटा, हे कोडे दोन्हीकडे समान आहे. सेनापतींचा निवेदक सावकाराची भलामण करीत करीत त्याला उघडा पाडतो. ऋणकोला न्यायालयात जे सांगता येत नाही, ते तेथे उपरोध सांगतो. बाराव्या कलमाने न्यायाधीशावर टाकलेले काम कादंबरीकाराने वाचकावर टाकले, असे म्हणावयास हरकत नाही.

सावकारही नव्या परिस्थितीस लवकर सरावले. गहाणाचा इतिहास तपासला जातो असे दिसताच गहाणाऐवजी विक्रीखत लिहून घेतले जाऊ लागले. जमीन परत देण्याचा करार तोंडी राही. लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा ग्राह्य न मानणाऱ्या सर्वसाधारण कायद्याला म्हणून पुढील दुरुस्तीने अपवाद करावा लागला. व्यवहाराचे खरे स्वरूप काय, हे न्यायालय कागदापलीकडे जाऊन पाहू लागले. आणखी एक वाद उद्भवला तो ‘शेतकरी’ या संज्ञेविषयी. उपजीविका मुख्यतः शेतीवर असेल त्यालाच या कायद्याचा लाभ. त्यामुळे कर्जाच्या हकिकतीआधी स्वतःची हकिकत सिद्ध करण्याची पाळी ऋणकोवर आली.

या दाव्यांची दप्तरे वाचणाऱ्याला शेवटी एका पोकळीस तोंड द्यावे लागते. अत्यल्प रकमेच्या दाव्यांत साक्ष पूर्ण लिहून घेण्याचे बंधन न्यायाधीशावर नव्हते; साक्षीचा सारांश पुरे होई. सर्वांत गरीब ऋणकोने आरंभापासून सांगितलेले म्हणून दोन-चार ओळींत उरले आहे, आणि त्या ओळी न्यायाधीशाच्या आहेत.