मतदारामागे सव्वापाच रुपये: भंडाऱ्यात उमेदवाराचा खर्च आणि ‘पॅकेज’ची बातमी कोण मोजतं?

भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात १८ लाखांहून जास्त मतदार आहेत. तुमसर, भंडारा, साकोली, अर्जुनी-मोरगाव, तिरोडा आणि गोंदिया हे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. इथल्या लोकसभा उमेदवाराला खर्चाची मर्यादा आहे ९५ लाख रुपये. भागाकार केला तर एका मतदारामागे जेमतेम सव्वापाच रुपये. एवढ्यात कटिंग चहाही येत नाही. तरी निवडणूक संपल्यावर देशभरातले बहुतेक उमेदवार जो हिशेब देतात, तो या मर्यादेच्या आतच असतो.

हे जमतं कसं?

मर्यादा उमेदवाराला, पक्षाला नाही

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ नुसार उमेदवाराचा खर्च अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंत मोजला जातो. सध्या लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये ही मर्यादा आहे. राजकीय पक्षाने किती खर्च करावा, याला मात्र मर्यादाच नाही. १९७४ मध्ये अमरनाथ चावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरावा. त्याच वर्षी अध्यादेश काढून सरकारने कायदाच बदलला. आज पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आणि स्टार प्रचारकांचा प्रवास उमेदवाराच्या हिशेबाबाहेर राहतो.

बातमी की जाहिरात?

दुसरी वाट माध्यमांतून जाते, आणि त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारे मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत छापून आले. काही ठिकाणी तर शब्दन्‌शब्द सारखा. ‘अशोक पर्व’ नावाच्या पुरवण्याही निघाल्या. चव्हाणांनी हिशेबात वृत्तपत्र जाहिरातींचा खर्च दाखवला होता ५,३७९ रुपये. पत्रकार पी. साईनाथ यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये ‘द हिंदू’त हे मांडलं. चव्हाणांनी आरोप फेटाळले. त्यांच्याविरुद्ध लढलेले माधव किन्हाळकर निवडणूक आयोगाकडे गेले.

पुढे काय झालं? उमेदवाराचा हिशेब खरा आहे का हे आयोग तपासू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये सांगितलं. जुलैमध्ये आयोगाने चव्हाणांना नोटीस काढली. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. तोवर त्या विधानसभेची मुदतच संपत आली होती.

पेड न्यूजच्या मुळाशी फक्त मोठे मालक आहेत असं समजायचं कारण नाही. तालुक्याच्या अनेक वार्ताहरांना मानधन तुटपुंजं मिळतं आणि खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर होते. बातमी लिहिणारा आणि जाहिरात मागणारा माणूस एकच असला की निवडणुकीच्या ‘पॅकेज’ला नाही म्हणणं अवघड होतं.

घड्याळ कुणाच्या बाजूने?

पेड न्यूजवर लक्ष ठेवायला प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती (एमसीएमसी) असते. संशयित बातमी आल्यापासून ९६ तासांत उमेदवाराला नोटीस जाते, उत्तराला त्याला ४८ तास मिळतात. त्यानंतर राज्य समितीकडे आणि आयोगाकडे अपील करता येतं. पेड न्यूज सिद्ध झाली, तर तेवढ्या जागेचा जाहिरात दर उमेदवाराच्या खर्चात धरला जातो. बस्स, एवढंच. कारण पेड न्यूज हा अजून स्वतंत्र निवडणूक गुन्हा नाही. हिशेबच खोटा ठरला तर कलम १०अ खाली तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते. उत्तर प्रदेशच्या आमदार उमलेश यादव २०११ मध्ये अशा अपात्र ठरल्या. निवडणूक झाली होती २००७ मध्ये.

म्हणजे मतदानाच्या दोन दिवस आधी छापलेल्या मजकुरावर निर्णय येईपर्यंत मतं पडून गेलेली असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये साकोलीत काँग्रेसचे नाना पटोले अवघ्या २०८ मतांनी निवडून आले. लढत इतकी घासून होते, तिथे शेवटच्या दोन दिवसांत मतदाराच्या कानावर काय पडलं याला किंमत असते.

मोबाइलवर काय दिसतं?

२०१३ पासून उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात आपली सोशल मीडिया खाती सांगावी लागतात आणि तिथल्या प्रचाराचा खर्च हिशेबात दाखवावा लागतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या राजकीय जाहिरातीचे पैसे कुणी भरले, ते मेटाच्या अॅड लायब्ररीत कुणालाही शोधता येतं. मात्र गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारा व्हिडिओ किंवा एखाद्या रीलस्टारने ‘सहज’ केलेलं कौतुक त्या यादीत येत नाही. पैसे रोख दिले असतील तर माग काढणं आणखी कठीण. पैसे, दारू किंवा साड्या वाटताना दिसल्या तर फोटो-व्हिडिओसह सी-व्हिजिल अॅपवर तक्रार करता येते. आयोग १०० मिनिटांत कारवाईचं उद्दिष्ट सांगतो. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर कलम १२७अ नुसार तोही गुन्हाच आहे.

निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यावा लागतो. तो पाहण्यासाठी निवडणूक नियमांत ठरवलेली फी आहे एक रुपया, आणि वेगळं शुल्क भरून साक्षांकित प्रतही मिळते. त्यासाठी भंडाऱ्याच्या मतदाराला जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत जावं लागेल.