पास झाला, लागू झाला नाही

माझे आजोबा सिंदेवाहीजवळ प्राथमिक शिक्षक होते. १९७६ चा विषय निघाला की एवढंच म्हणायचे, "पोरांच्या हजेरीआधी आमची हजेरी व्हायची. गुरुजी, किती केसेस आणल्या?" केस म्हणजे नसबंदीला तयार झालेला माणूस.

आणीबाणी म्हटलं की आपल्याला दिल्ली आठवते. पण सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं देशातलं पहिलं विधिमंडळ महाराष्ट्राचं! एप्रिल १९७६ च्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणाने राज्यांना तशी मोकळीक दिली, आणि शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना त्याच वर्षी विधेयक पास झालं. तीन मुलं झाली की ऑपरेशन, नाहीतर तुरुंग. राष्ट्रपतींची संमती काही मिळाली नाही, आणि मार्च १९७७ मध्ये इंदिरा गांधी निवडणूक हरल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड प्रॉडक्शनला गेलाच नाही.

मग आजोबांवरचा दबाव कुठल्या कलमाखाली होता? कुठल्याच नाही! टार्गेटला कायदा लागत नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या.

आता जरा मागे जाऊ. नोव्हेंबर १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहम यांनी मुंबई विधानसभेत ठराव मांडला होता, की सरकारने संततिनियमनाचा प्रचार करावा, साधनं पुरवावीत. तो मोठ्या फरकाने पडला.

म्हणजे साधनं द्या म्हटलं तेव्हा सभागृह नाही म्हणालं, आणि ३८ वर्षांनी सक्ती करा म्हटलं तेव्हा हो. आजोबांना मात्र कुणी विचारलंच नाही, आणि त्यांच्या केसेसनाही.